गाडी घुमते तेव्हा
‘साठच्या पुढे गाडी घुमते’ अशी तक्रार आली की दोष आधी टायरला, मग रस्त्याला, शेवटी सरकारला. चाकाच्या बेअरिंगचं नाव कुणी घेत नाही. निदान तर घरच्या घरी होतं. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकांवर येतो. घुमणं वाढलं तर बहुधा उजवं बेअरिंग गेलं. गाडी स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवताना सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली, तर खरखर बोटांना कळते. इथवर मालक शहाणा! पण दाबून बसवलेलं बेअरिंग हातोडीने ठोकणं हा शुद्ध आडमुठेपणा. मार गोळ्यांमधून गेला की कड्यांवर खळगे पडतात आणि कोरं बेअरिंगही घुमू लागतं. बेअरिंग ज्यात बसतं तो नकल (स्टिअरिंग नकल) उतरवावा, बेअरिंग दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याकडे न्यावा, आणि बेअरिंग जागेवर धरणारी सर्क्लिप परत बसेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभं राहावं.