गर्वगीत कोणाचे?

कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' आम्ही मानोऱ्यात अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. मानवी जिद्द, अज्ञाताची ओढ, 'विशाखा'चे (१९४२) क्रांतिकारक भान, हे सारे फळ्यावर येते. मागे एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या खलाशांनी उचल घेतली होती का?" वर्ग हसला. विचारणाऱ्याचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात; तो हसला नव्हता.

घेतली होती. १४९२च्या त्या सफरीवरील खलाशांना आगाऊ पगार मिळाला होता. १० ऑक्टोबरला 'आता सोसवत नाही' अशी तक्रार त्यांनी केल्याची नोंदही कोलंबसाच्या रोजनिशीच्या उपलब्ध सारांशात आहे. कवितेत मात्र बोलतो तो नायक; खलाशाचा जन्म कशासाठी, हेही खलाशांना तोच सांगतो. आमचे भांडण कवीशी नाही. नाट्यात्म स्वगताला एकच आवाज असणार. भांडण आहे ते त्या आवाजालाच अखिल मानवाचा आवाज ठरवणाऱ्या आपल्या समीक्षेशी, म्हणजे आमच्या स्वतःच्या टिपणांशीही.

आजचा खलाशी कोण? डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण उचल घेऊन गुजरातच्या मासेमारी बोटींवर जातात. जाळे सोडायचे, ओढायचे, मासळी निवडायची, बर्फात भरायची, की पुन्हा जाळे; दोन ओढींमधली डुलकी हीच रात्र. बोट कुठवर न्यायची हे खलाशी ठरवत नाही. ती पकडली गेली तर कराचीच्या तुरुंगात मात्र तोही जातो. नोव्हेंबर २०२१मध्ये ओख्याहून निघालेल्या 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा यंत्रणेने गोळीबार केला. त्यात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी ठार झाला. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. खलाशाचे नाव नियमाने लिहिले जाते ते तिथे.

'साहित्य म्हणजे कामगार खात्याचा अहवाल नव्हे', हे उत्तर आम्हांला पाठ आहे. सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'नंतर (१९६६) ते देताना जीभ अडखळायला हवी होती. गिरणीकामगार आणि शेतमजूर अभ्यासक्रमात आले. समुद्र तेवढा आपण प्रतीकांसाठी राखून ठेवला.

यंदाच्या चाचणीत आम्ही 'कोलंबसाची जिद्द स्पष्ट करा' हा प्रश्न काढला नाही. खलाशांच्या वतीने कोलंबसाला उत्तर लिहायला सांगितले. विद्यापीठाच्या परीक्षेला जुनाच प्रश्न येणार, हे मुलांना ठाऊक आहे. त्यांनी दोन्ही उत्तरे तयार ठेवली आहेत.