स्पेशलायझेशन निवडताय? आधी सिलॅबस उघडा!

फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, इंटरनॅशनल बिझनेस, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग... ऑनलाइन बीबीए किंवा एमबीएचा अर्ज भरताना कधी ना कधी ही यादी समोर येते आणि त्यातलं एकच नाव टिकमार्क करायचं असतं. तिकडे फोनवर काउन्सिलर सांगत असतो, ‘सध्या अ‍ॅनालिटिक्सला खूप स्कोप आहे.’ घरात बाबा म्हणतात, फायनान्स घे, पैसा तिथेच आहे. मैत्रिणीने मार्केटिंग घेतलेलं असतं. शेवटी कानाला जे सगळ्यात भारी वाटतं त्यावर क्लिक होतं.

सानपाडा, जुईनगर, नेरुळ, वाशी या पट्ट्यात हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आहे. त्यामागे गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी आहेत. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा जास्त आणि परीक्षा देणारे कमी अशी अवस्था झाली, सीईटी पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदलून बीकॉमच्या छत्राखाली नेलं. हे सगळं बघितलेल्या मुलांना घरबसल्या, विनासीईटी मिळणारी डिग्री सोपी वाटली तर नवल नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील विद्यापीठापासून मुंबईच्या एनएमआयएमएस आणि इग्नूपर्यंत पर्याय आहेत. आयआयएम बंगळूरुनेही २०२३ मध्ये डिजिटल बिझनेस आणि आंत्रप्रेन्युअरशिपमधला ऑनलाइन बीबीए जाहीर केला.

पर्याय वाढले, पण निवड कशावर करायची ते कुणी सांगत नाही. तेच इथे बघू.

आधी मान्यता, मग बाकी सगळं

यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. इथे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा. ही मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, ती अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. म्हणून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि तुमचं सत्र, तिन्ही तपासायचं. आता प्रवेशासाठी डीईबी आयडीही लागतो. तो अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीवरून विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. ‘आम्ही सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात तो देऊ नका.

२०२४ मध्ये ‘दहा दिवसांत एमबीए’च्या जाहिरातींवर यूजीसीला जाहीर इशारा द्यावा लागला होता, एवढं लक्षात ठेवा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे काही विषय ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंदही झाले. जिथे एका पदवीत अनेक विषय होते, तिथे फक्त तेवढाच विषय काढला गेला. म्हणजे पदवीची मान्यता शाबूत आणि विषय गायब, असंही होऊ शकतं.

स्पेशलायझेशन म्हणजे नेमकं किती?

तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. बीबीएमध्ये स्पेशलायझेशन बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षी सुरू होतं, एमबीएमध्ये दुसऱ्या. त्याचे पेपर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचं अकाउंट्स, अर्थशास्त्र, व्यवसाय कायदे, संख्याशास्त्र, संघटनवर्तन सगळ्यांना सारखंच असतं. म्हणजे फायनान्सवाला आणि मार्केटिंगवाला यांच्या डिग्रीतला मोठा भाग एकच.

मग दोन प्रश्न प्रवेशाआधीच विचारायचे आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यायचं. स्पेशलायझेशनचं नाव पदवी प्रमाणपत्रावर छापून येणार की फक्त गुणपत्रिकेत दिसणार? आणि पहिल्या वर्षानंतर ते बदलता येतं का? अर्ज भरतानाच निवड करायला लावून नंतर बदलू न देणारी जागा असेल, तर बारावी झालेल्या मुलाला ती अवघड जाणार.

‘ड्युअल स्पेशलायझेशन’चंही तसंच. दोन विषय म्हटल्यावर दुप्पट मिळतंय असं वाटतं. पण पेपरांची संख्या तेवढीच राहिली, तर दोन्हींचं अर्धं-अर्धं होतं. पेपरांची यादी समोर ठेवून मोजा.

नाव नवं, धडे जुने?

खरी परीक्षा इथे आहे. व्यवसायाशी संबंधित कायदे आणि कर यांत अलीकडे एवढे बदल झालेत, की दोन-तीन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ तसेच चालू असतील तर तुम्ही इतिहास शिकताय. वर्गात निदान सर सांगतात, ‘हे पुस्तकात नाही, पण लिहून घ्या.’ रेकॉर्डिंग असं काही सांगत नाही. प्रत्येक स्पेशलायझेशनसाठी एक सोपी चाचणी लावून बघा.

एचआर घेताय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. नव्या व्याख्येत भत्त्यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे ग्रॅच्युइटीसारखे हिशेब बदलतात. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तुमच्या सिलॅबसमध्ये अजून १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा कारखाने कायदा एवढंच असेल, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळाल.

फायनान्स घेताय? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ ही जोडी जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ निघाले. आता मुख्यतः ५ आणि १८ टक्के, आणि काही मोजक्या वस्तूंवर ४०. नमुना व्हिडिओ मागा आणि त्यात कुठले दर आहेत ते बघा. एका मिनिटात कळतं.

डिजिटल मार्केटिंग किंवा अ‍ॅनालिटिक्स घेताय? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. ग्राहकाचा नंबर कुठून घेतला, कशासाठी घेतला, त्याची संमती होती का, हे यापुढे मार्केटिंगवाल्याला सांगता आलं पाहिजे. सिलॅबसमध्ये जाहिरातीची टूल्स आहेत आणि संमतीबद्दल चकार शब्द नाही, तर तो विषय नावापुरताच डिजिटल.

विद्यापीठ चांगलं असेल तर अद्ययावत सिलॅबस दाखवायला त्याला अडचण नसते. ‘आधी सीट ब्लॉक करा, मग दाखवतो’ असं उत्तर आलं, तर समजून जा.

लॅब घराबाहेर आहे

ऑनलाइन डिग्रीत एक गोष्ट हमखास कमी पडते, ती म्हणजे जागेवर जाऊन बघणं. सायन्सवाल्याला लॅब लागते तशी बिझनेसवाल्यालाही लागते. याबाबतीत सानपाड्यात राहणाऱ्या मुलांचं नशीब जोरावर आहे, फक्त बरेच जण रोज तिच्यावरून जातात आणि बघत नाहीत.

तुर्भे-वाशीची एपीएमसी घ्या. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य अशी पाच मार्केटं. रात्री गाड्या लागतात, पहाटे भाजीचा व्यवहार होतो, दुपारपर्यंत माल मुंबईभर पोचलेला असतो. उरलेला माल नासतो, त्याचा तोटा कुणी सोसायचा? भाव कसा ठरतो? अडत किती? ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनच्या पुस्तकात ‘नाशवंत मालाचं व्यवस्थापन’ असं प्रकरण असेल, तर ते इथे गाळ्यागाळ्यावर चालू आहे. एचआरवाल्यालाही इथे काम आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने एकाच मालकाकडे पक्की नोकरी नसलेल्या हमालांसाठी मंडळं उभी केली, त्यांची मजुरी आणि इतर हक्काचे पैसे मंडळामार्फत मिळू लागले. आज डिलिव्हरीवाल्या मुलांच्या सामाजिक सुरक्षेची चर्चा होते, तिचा एक जुना धडा तुर्भ्यात आहे.

दुसऱ्या दिशेला न्हावा शेवा. देशातल्या प्रमुख बंदरांवरच्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भाग जेएनपीए हाताळतं. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. बंदर, विमानतळ आणि घाऊक बाजार हे तिन्ही तासाभराच्या अंतरात असलेली ठिकाणं देशात फार नाहीत. तरी ऑपरेशन्स किंवा इंटरनॅशनल बिझनेस म्हटलं की आपल्याकडे ‘हे काय, गोडाऊनचं काम?’ असा चेहरा होतो. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, आयात-निर्यात कोड हे शब्द पाठ करून मार्क मिळतील. पण एखाद्या फ्रेट फॉरवर्डरच्या ऑफिसात दोन महिने कागद लावले, तर माल एक दिवस अडकला की किती भुर्दंड पडतो, हे कायमचं कळतं.

टीटीसी पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर आणि आयटी पार्क उभे राहिलेत. अ‍ॅनालिटिक्सवाल्यांना ते जवळचे वाटतील. पण डेटावर हात बसवायला तिथल्याच नोकरीची वाट बघायला नको. सोसायटीच्या खालच्या दुकानदाराची सहा महिन्यांची विक्री, त्याच्या परवानगीने, एक्सेलमध्ये भरून कुठला माल पडून राहतो ते त्याला दाखवा. मुलाखतीत सांगायला हा प्रोजेक्ट रेडीमेड डेटासेटपेक्षा सरस ठरेल.

जिथे डिग्री दार उघडत नाही

काही कामांना डिग्रीच्या जोडीला वेगळा परवाना लागतो. स्पेशलायझेशन विकताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्युच्युअल फंड वितरक व्हायचं तर एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते. सेबीने स्थापन केलेल्या या संस्थेचा कॅम्पस आपल्या शेजारच्या रायगडमध्ये, पाताळगंगेला आहे. कस्टम ब्रोकरचा परवाना हवा तर सीमाशुल्क विभागाची परीक्षा आहे. ऑडिट अहवालावर सही करायला सीएच लागतो, त्याला फायनान्समधली बीबीए पुरत नाही.

म्हणून फायनान्स निवडलं तर डिग्री चालू असतानाच एनआयएसएमची एखादी परीक्षा देऊन टाका. त्याने दोन गोष्टी होतात. हातात एक प्रमाणपत्र येतं आणि हा विषय आपल्याला खरंच आवडतो का, ते तीन वर्षं वाट न बघता कळतं.

तुम्ही कुठे उभे आहात?

शेवटी निवड तुमच्या परिस्थितीवर ठरते. तीन प्रकारची मुलं साधारण दिसतात.

नोकरी करत शिकणारे: तुमच्या कंपनीतल्या वरच्या पदाला जे लागतं ते घ्या. बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये असाल तर फायनान्स किंवा ऑपरेशन्स, दुकानात किंवा शोरूममध्ये असाल तर मार्केटिंग. रोजचं कामच तुमचं प्रॅक्टिकल. तुम्हाला ऑनलाइनचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

रेग्युलर बीकॉमसोबत दुसरी पदवी करणारे: २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. बीकॉममध्ये अकाउंट्स आणि कर आधीच आहेत, मग ऑनलाइन बीबीएत पुन्हा फायनान्स कशाला? त्याऐवजी ऑपरेशन्स, एचआर किंवा अ‍ॅनालिटिक्स घेतलं तर दोन डिग्रींचा अर्थ लागतो.

बारावीनंतर फक्त ऑनलाइन करणारे: इथे सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. वर्ग नाही, ग्रुप नाही, फेस्ट नाही, प्लेसमेंट सेल असला तरी तो बहुधा स्क्रीनवरच. अठराव्या वर्षी तीन वर्षं खोलीत बसून व्हिडिओ बघणं सोपं नसतं. फी हप्त्याहप्त्याने जाते, पण ती घरातून जाते आणि वेळ परत मिळत नाही. तुम्ही स्पेशलायझेशन निवडताना एकच निकष लावा: या विषयाचं काम मला पहिल्या वर्षापासून, आठवड्यातून निदान दोन दिवस, कुठे करायला मिळेल? काकांचं दुकान, सीएचं ऑफिस, ट्रान्सपोर्टवाला, एखादी सामाजिक संस्था, काहीही चालेल. ज्या विषयासाठी अशी एक जागा डोळ्यासमोर येते, तो तुमचा विषय. एकाही विषयासाठी येत नसेल, तर जवळच्या कॉलेजातल्या रेग्युलर प्रवेशाचा पुन्हा विचार करा. त्यात कमीपणा नाही.

कोणत्या स्पेशलायझेशनला पाच वर्षांनी मागणी असेल, हे काउन्सिलरला माहीत नाही आणि बाबांनाही नाही. पण या आठवड्यात तीन गोष्टी करता येतील. डीईबीच्या पोर्टलवर अभ्यासक्रम शोधा, आवडलेल्या विषयाचा सिलॅबस डाउनलोड करून त्यातले कायदे आणि कर नवे आहेत का बघा, आणि त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका माणसाला भेटून विचारा, ‘तुमचा दिवस कसा जातो?’ त्याचा दिवस ऐकून कंटाळा आला, तर नाव कितीही भारी असलं तरी तो चौकोन सोडून द्या.