विश्लेषण : वऱ्हाडच्या काळ्या दगडात रेडॉन किती?

अमरावती-अकोल्यात घर बांधणारा माणूस काळी माती किती फूट आहे, मुरूम कुठे लागतो, हे हमखास विचारतो. त्याच जमिनीतून घरात कोणता वायू येतो, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. हा वायू म्हणजे रेडॉन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, देशोदेशी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमागे तो असतो. वऱ्हाडासाठी दिलासा असा की, इथला बहुतेक दगड या वायूच्या बाबतीत गरीब आहे. पण बहुतेक म्हणजे सगळा नव्हे.

रेडॉन येतो कुठून?

जवळपास प्रत्येक दगडात, मातीत थोडे युरेनियम असते. त्याचे अत्यंत सावकाश विघटन होत राहते. त्यातून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. साखळीतले त्याच्या आधीचे घटक घन, म्हणून दगडातच अडकून राहतात. रेडॉन वायू असल्याने फटींतून वर निघतो. त्याला रंग, वास, चव नाही. ३.८ दिवसांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मोकळ्या हवेत तो विरून जातो, बंद खोलीत साठतो. फुप्फुसाचे खरे नुकसान करतात ते त्याच्यापासून बनणारे पोलोनियमसारखे किरणोत्सारी कण. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट. त्यामुळे विडी न सोडता रेडॉनची चिंता करण्यात अर्थ नाही.

काळा पाषाण आणि सालबर्डी

अमरावती आणि अकोला हे जिल्हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टवर वसले आहेत. एक टन बेसाल्टमध्ये युरेनियम साधारणपणे एक ग्रॅमहूनही कमी असते. तेवढ्याच ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच ग्रॅम. पूर्णा खोऱ्यातला गाळ, म्हणजे खारपाणपट्ट्याची जमीन, तीही मुख्यतः याच दगडाच्या झिजेतून आलेली. त्या पट्ट्यातल्या पाण्याचे जुने दुखणे क्षारांचे आहे. रेडॉनची नवी भीती पुढे करून ते मागे ढकलले जाऊ नये.

चित्र बदलते ते उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून गाविलगडचा भ्रंश जातो, म्हणजे जमिनीच्या कवचातली मोठी भेग. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तिथले गरम पाण्याचे झरे पाहिले असतील. या भागात बेसाल्टच्या खालचे थर उघडे पडले आहेत : डायनासोरचे अवशेष सापडलेले लॅमेटा खडक, गोंडवाना काळातला वालुकाश्म आणि तळाशी अतिप्राचीन ग्रॅनाइटवर्गीय खडक. युरेनियम जास्त असू शकणारा दगड, वायूला वर येण्यासाठी भेग आणि खोलातून येणारे पाणी, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत. तिथे रेडॉन धोकादायक पातळीवर आहे, असा याचा अर्थ नाही. मोजायचेच असेल तर आधी कुठे मोजावे, एवढे मात्र यातून कळते.

घरात आणि पाण्यात काय होते?

उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, फरश्या तडकतात, पायाभोवती फटी पडतात. जमिनीतल्या वायूला ही आयती वाट. पावसात तीच माती फुगून फटी बुजवते. आपला उन्हाळ्यातला कूलर इथे नकळत उपकार करतो : तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली हवा बाहेर काढतो. एसी मात्र खोलीतलीच हवा फिरवतो. तळमजल्यावरची, दिवसरात्र बंद असलेली एसी खोली म्हणूनच अधिक लक्ष देण्याजोगी. ओट्याच्या ग्रॅनाइटची भीती मात्र सहसा अनाठायी. खोलीतला बहुतेक रेडॉन जमिनीतूनच येतो.

पाण्याचे म्हणाल, तर अकोला शहराला काटेपूर्णा आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. उघड्या जलाशयात रेडॉन टिकत नाही. प्रश्न असेल तर तो खोल बोअरच्या पाण्याचा. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात भूजलाच्या उपशामुळे बोअर खोल खोल जात आहेत. असे पाणी थेट घरात न घेता उघड्या हौदात उंचावरून पडू दिले की बराच वायू उडून जातो. आरओ यंत्र क्षार काढते. या वायूसाठी त्यावर भरवसा ठेवू नये.

मोजायचे कसे, कोणी?

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, बांधकाम सुरू असलेल्या एका अणुवीज केंद्रातला कर्मचारी कामावर आला आणि किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजली. केंद्रातून वीजनिर्मिती तर अजून सुरूच झालेली नव्हती. शोध घेतला तेव्हा रेडॉन त्याच्या घरात निघाला. शेजारच्या घरांत मात्र तशी पातळी आढळली नाही. हा वायू घरोघरी असा बदलतो. म्हणून जिल्ह्याचा एक सरासरी आकडा काढून भागत नाही.

मोजणी अवघड नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी छोटी, विजेशिवाय चालणारी मापकपेटी विकसित केली आहे. तिच्यातल्या फिल्मवर कणांचे ओरखडे उमटतात. पेटी दोन-तीन महिने खोलीत टांगून ठेवायची, मग ओरखडे मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी घनमीटरला १०० बेकरेल आहे, म्हणजे तेवढ्या हवेत सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटणे. ते शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये, असे ती सांगते.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतेच. अमरावती विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. या दोघांनी मिळून सालबर्डी परिसर, वरुड-मोर्शीतले खोल बोअर आणि तुलनेसाठी खारपाणपट्ट्यातली काही गावे निवडावीत आणि एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा मोजणी करावी. आकडे तालुकानिहाय, मराठीत जाहीर करावेत. भेगाळलेल्या जमिनीतली नोंद हवी असेल, तर पेट्या मार्चअखेरपर्यंत टांगल्या गेल्या पाहिजेत.