पर्लकोटाच्या अलीकडे
‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ पहिल्यांदा उघडली ती हेमलकशाला. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जात होतं आणि पलीकडचं भामरागड तुटलं होतं, म्हणून अडकलो होतो. पहिली पन्नास पानं नावांतच गेली. आजोबाचं नाव नातवाला आपल्याकडेही ठेवतात, पण इतके ऑरेलियानो म्हणजे अतीच! १९६७ ची ही कादंबरी अद्भुताबद्दल गाजली. मार्केझच्या माकोंदोत पाऊस पडतो तो चार वर्षं, अकरा महिने, दोन दिवस. टपरीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी तो आकडा सांगितला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. विझू पाहणाऱ्या बिडीभोवती ओंजळ धरत त्यानं विचारलं, ‘‘मंग धान कसा पिकला जी त्यायचा?’’