प्लेअर घेण्याआधी चित्रपटांची यादी बघा

घरी सिनेमा पाहायला नवा प्लेअर घ्यायचा ठरला, की आपण दुकानदाराला आकडे विचारतो. किती जीबी, किती पिक्सेल? वाचकहो, माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याआधी एक प्रश्न विचारा. आपल्या आवडीचे चित्रपट या प्लेअरच्या डिस्कवर मिळतात का, आणि पुढेही मिळत राहतील का?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत अमेरिका-जपानमधल्या कितीतरी ग्राहकांनी मोजली आहे. 2006 साली डीव्हीडीची जागा घ्यायला दोन डिस्क बाजारात उतरल्या: तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व तिच्या सोबतच्या कंपन्यांची ब्लू-रे. दोन्ही 12 सेंटिमीटरच्या, दोन्हींना 405 नॅनोमीटरचाच निळा-जांभळा लेसर. तरी एकीच्या साध्या प्लेअरवर दुसरी चालत नसे. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच 0.6 मिलिमीटर आत होता, त्यामुळे ती जुन्या यंत्रांवर थोड्या फेरफाराने काढता येई. ब्लू-रेत तो थर जेमतेम 0.1 मिलिमीटर आत. त्यामुळे लेसरचा ठिपका आणखी बारीक करता आला आणि एका थरात 15 ऐवजी 25 जीबी मावले. मात्र ओरखड्यांपासून जपायला वर कडक लेप द्यावा लागला.

चित्र मात्र दोन्हींवर 1920 बाय 1080. चांगल्या प्रतीवरून काढलेला सिनेमा दोन्हींवर देखणाच दिसे.

निकाल लावला तो चित्रपटांनी. डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. ब्लू-रे चालवणाऱ्या सोनीच्या प्लेस्टेशन 3 या गेम कन्सोलमुळे ती डिस्क आपसूक घराघरांत पोचली. 4 जानेवारी 2008 ला वॉर्नर ब्रदर्सने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. स्वस्त पडला म्हणून एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतलेल्यांना नवे चित्रपट मिळेनासे झाले.

आज ब्लू-रे घेणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. भारत सी रीजनमध्ये येतो, अमेरिका ए मध्ये, तर युरोपातले बहुतेक देश बी मध्ये. अमेरिकेतल्या भाचीकडून डिस्क मागवणार असाल, तर वेष्टनाच्या मागचं चिन्ह तिला आधी बघायला सांगा. काही डिस्क सगळीकडे चालतात, सगळ्या नाही. दुसरी, 4के अल्ट्रा एचडी ब्लू-रे साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही. उलट अल्ट्रा एचडी प्लेअरवर साधी ब्लू-रे आणि डीव्हीडी चालते. तिसरी, घरात लग्न-मुंजीच्या जुन्या व्हीसीडी असतील, तर एक दुकानात नेऊन लावून बघा. प्रत्येक प्लेअर त्या वाचतोच असं नाही. आणि त्यांची हार्ड डिस्कवर प्रत आजच करून ठेवा, कारण त्या पुन्हा विकत मिळणार नाहीत.

कंपन्यांची चढाओढ पुन्हा होईल, नव्या नावाने होईल. तेव्हा घाई करू नका. ज्या बाजूला बहुतेक निर्माते गेले आणि ज्या यंत्रावर तुमच्या जुन्या डिस्क चालतात, तेच घ्या. निकाल लागेपर्यंत आहे तो प्लेअर वापरा, त्यात तुमचं काहीच बिघडत नाही.