बंदर बदललं की वळण बदलतं का?



गेल्या मंगळवारी आमच्या महिला मंडळाची बैठक होती. सामायिक झालं आणि हिवाळ्यातल्या सहलीचा विषय निघाला. यात्रा तर दरवर्षी होते, या वेळी क्रूझ करू, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. (घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "डहाणूच्या बायकांना समुद्र बघायला पैसे कशाला लागतात?" ते सोडा.) कुठून जायचं यावर चर्चा सुरू झाली आणि एक भाभी म्हणाल्या, "मुंबईवरून नको हं. तिथे सगळी पब्लिक चढते. धक्काबुक्की, आरडाओरड. सिंगापूरवरून जाऊ, तिथे माणसं डिसेंट असतात." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आल्यावर मात्र मला माझ्याच मानेचा राग आला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी भाभींचं जे खरं आहे ते मान्य करते. जहाज कुठून सुटतं त्यावर जहाजात कोण बसतं हे ठरतं, आणि कोण बसतं त्यावर तिथली रीत ठरते. हे कळायला आपल्याला क्रूझवर जायची गरज नाही. २०१३ साली आपल्याकडे लोकल आली. डहाणू रोडला रिकाम्या गाडीत चढताना आपण किती शांत असतो! बाक पुसतो, खिडकी निवडतो, शेजारणीला "या, बसा" म्हणतो. बोईसर, पालघर येतं तसे आपण जरा आक्रसून बसतो. विरारला दारातून लोंढा आत आला की तोच डबा, तोच बाक, पण आपलं तोंड वाकडं होतं. आणि तिकडे चर्चगेटहून निघालेल्या विरार फास्टमध्ये बोरिवलीची बाई चुकून चढली तर तिला किती ऐकून घ्यावं लागतं, ते मुंबईच्या नणंदा-जावांना विचारा. गाडी रेल्वेचीच असते, पण डब्यातली रीत ती गाडी कुठून कुठे जाते त्यावर ठरते.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे मला यामागचा हिशेब दिसतो. क्रूझचा खर्च म्हणजे नुसतं जहाजाचं तिकीट नव्हे. बंदरापर्यंत पोचण्याचा खर्चही त्यात धरायचा असतो. मुंबईहून निघायचं तर आपल्याला विमान नको, गोव्याला जाऊन यायचं तर व्हिसाही नको. तलासरीहून हायवेने गाडी काढली किंवा डहाणूहून लोकल पकडली की झालं. सव्वाशे किलोमीटरवर चर्चगेट, आणि पुढे बॅलार्ड पियरला जहाज. सफर दोन-तीन रात्रींची. मग कोण येणार? आजीपासून नातवापर्यंत अख्खं कुटुंब येणार. लग्नाच्या पंचविशीसाठी तीस-तीस जणांचा ग्रुप येणार. आणि दारूबंदीच्या राज्यातून दोन दिवस "मोकळे" व्हायला निघालेली पुरुषमंडळीही येणार. आपण सीमेवर राहतो. शनिवारी संध्याकाळी अच्छाडच्या नाक्यावरून अलीकडे येणाऱ्या गाड्या कशासाठी येतात हे तलासरीच्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. जहाजावर तीच शनिवार संध्याकाळ असते, फक्त पाण्यावर.

जगभर असंच आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या जहाजांवर अजूनही सूट-गाऊन घालून जेवायला बसण्याच्या खास रात्री असतात. कारण साधं आहे. तिथली मंडळी घरून गाडीने थेट धक्क्यावर येतात, विमानासारखी बॅगेच्या वजनाची मर्यादा नाही, मग चार सूट जास्त आणले तर काय बिघडलं! अमेरिकेत मायामीहून तीन-चार दिवसांच्या सफरींना तरुण, मौजमजेला निघालेली मंडळी जास्त असतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या लांब सफरींना निवृत्त जोडपी. भूमध्य समुद्रात तर काही जहाजं बार्सिलोनासारख्या प्रत्येक मोठ्या बंदरात नवे प्रवासी घेतात, म्हणून एकच सूचना पाच-पाच भाषांत ऐकावी लागते.

सगळ्यात बोलका दाखला "एम्प्रेस" या जहाजाचा. १९९० साली फ्रान्समध्ये "नॉर्डिक एम्प्रेस" नावाने ते बांधलं गेलं. अमेरिकन कंपनीसाठी धावलं, मग २००८ पासून काही वर्षं स्पॅनिश कंपनीकडे गेलं, पुन्हा अमेरिकन कंपनीकडे येऊन फ्लोरिडाहून क्युबाच्या फेऱ्या केल्या आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाखाली मुंबईहून निघू लागलं. जहाज तेच. अमेरिकन जहाजांवर जेवणाची पहिली पंगत संध्याकाळी सहाच्या सुमाराला बसते. स्पॅनिश माणूस नऊ-दहाशिवाय जेवत नाही. आणि मुंबईहून निघताना त्याच जहाजावर जैन थाळी मिळते. भिंती तशाच राहिल्या, बंदर बदललं आणि स्वयंपाकघर बदललं. गंमत बघा, चौविहाराच्या वेळेच्या जास्त जवळ तो अमेरिकन आहे आणि रात्री दहाला डोशाच्या काउंटरवर उभे आपण!

इथपर्यंत भाभी बरोबर आहेत. आता पुढचं ऐका.

२०१९ साली मुलगा-सून आम्हा दोघांना सिंगापूरहून क्रूझला घेऊन गेले होते. त्या जहाजावरही निम्मे चेहरे आपलेच होते. सुरत, मुंबई, इंदूर, पुणे. सगळे रांगेत उभे. लिफ्टमधून आधी लोक बाहेर पडू देत होते. कोणी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली नाहीत. मी मनात म्हटलं, वा, शिकलेसवरलेले लोक. चार वर्षांनी नणंदेच्या घरच्या कार्यक्रमासाठी आम्ही चोवीस जण मुंबईहून निघालो. (जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण दोष जहाजाचा नव्हता.) त्या चोवीसांतले सहा जण सिंगापूरलाही होते. हेच सहा जण या वेळी नाश्त्याला आणखी दहा जणांसाठी खुर्च्यांवर ओढण्या टाकून बसले. लिफ्टचं दार उघडताच आत घुसले. मुलं कॉरिडॉरमध्ये रात्री अकरापर्यंत पळत होती आणि कोणी त्यांना हाक मारली नाही. त्या सहांमध्ये मी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटात दोन भाज्या, ढोकळा, पुरी, पास्ता, तीन गोड पदार्थ घेतले. "पुन्हा कोण रांगेत उभं राहणार" म्हणून एकदमच घेतले. अर्ध्याहून जास्त राहिलं. ताट उचलायला आलेला मुलगा मराठी निघाला, मालवणकडचा. त्याने विचारलं, "काकू, झालं तुमचं?" मी म्हटलं, "हो रे बाळा, घेऊन जा." त्याने ताट उचललं. बाजूच्या गाडीत अशीच भरलेली ताटं एकावर एक रचलेली होती. मी उगाच विचारलं, "सगळीकडे असंच टाकतात का रे लोक?" तो हसला. म्हणाला, "काकू, मी आधी सिंगापूरच्या जहाजावर होतो. तिथेही आपलीच माणसं यायची. ताटं एवढी भरायची नाहीत."

त्याने मला टोमणा मारला नव्हता. पण मैत्रिणींनो, मी त्या घरातली आहे जिथे जेवण झालं की थाळी धुऊन ते पाणी पितात. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारपणातही थाळी धुऊन प्यायच्या. उष्ट्या अन्नात अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, हे मी पाठशाळेत मुलांना शिकवते. आणि मी त्या मुलाच्या हातात अर्धं ताट देऊन "घेऊन जा" म्हटलं. घरी थाळीतला एक दाणा मला सलतो. जहाजावर ते ताट मला सललं नाही, कारण आजूबाजूला सगळी आपलीच माणसं होती आणि सगळ्यांचं तसंच चाललं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बंदराप्रमाणे जी रीत बदलते तिला संस्कार म्हणू नका, ती भीती आहे. सिंगापुरात दंडाची भीती, परक्या माणसाच्या नजरेची भीती. मुंबईत ती नजर नाही, म्हणून आपण मोकाट. परक्यांपुढे शहाणं आणि आपल्यांत बेफिकीर वागायचं, आणि वर त्या बेफिकिरीचं खापर "मुंबईच्या पब्लिक"वर फोडायचं, हे मला पटत नाही.

आणि ही "पब्लिक" म्हणजे कोण हो? मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर जैन जेवणाचं वेगळं काउंटर असतं ते कोणासाठी? आपल्यासारखी माणसं त्या बंदरातून मोठ्या संख्येने चढतात म्हणूनच ना! जिथे आपली संख्या जास्त, तिथली पब्लिक आपणच. आपल्यातल्या कितीतरी घरांची तलासरी-डहाणूला दुकानं आहेत. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून आलेल्या बायकांना काउंटरवरून "गर्दी करू नका, रांगेत या" असं आपणच सांगतो. त्या निमूट उभ्या राहतात. डोशाच्या काउंटरवर आपल्याला तेवढं जमत नाही.

दोन उत्तरं मला आधीच ऐकू येतात. पहिलं, "आम्ही पैसे भरलेत." बरोबर. तुम्ही केबिनचे, जेवणाचे, करमणुकीचे पैसे भरलेत. टाकलेल्या अन्नाच्या हिंसेची पावती कोणत्याही एजंटाकडे फाडून मिळत नाही. आणि त्या मालवणच्या मुलाला "ए, इकडे ये" म्हणण्याचा हक्क तिकिटात कुठे छापलेला नाही. दुसरं उत्तर, "ओरडलं नाही तर कांदा-लसणाशिवायचं मिळतच नाही." मिळतं. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. पहिल्याच दिवशी जेवणघराच्या प्रमुखाला शांतपणे सांगा. सूर्यास्ताआधी जेवायचं असेल तर तेही सांगा. मी दोन्ही जहाजांवर हे केलं आणि दोन्हीकडे सोय झाली. ओरडावं लागलं नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये सहावं दिशापरिमाण व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचं याची मर्यादा आपली आपण ठरवायची. मी प्रवास करू नका म्हणत नाही. मी स्वतः दोन क्रूझ केल्या आहेत, मला तो अधिकारच नाही. पण या व्रताचा मला समजलेला अर्थ असा, की मर्यादा आपण घरातून बरोबर न्यायची असते. ती बंदरावर भाड्याने मिळत नाही. मुंबईला एक आणि सिंगापूरला दुसरी, असं तिचं नसतं.

म्हणून पुढच्या बैठकीत मी सांगणार आहे, मुंबईहूनच जाऊ या. विमानाचे पैसे वाचतील ते जीवदयेला देऊ. जाण्याआधी चार गोष्टी आपसात ठरवू. ताटात एका वेळी दोनच पदार्थ, आणि शेवटी थाळी धुऊन पिणं. परक्या काचेच्या बशीत ते करायला लाज वाटत असेल तर निदान बशी पुसून स्वच्छ करणं. खुर्ची जो बसेल त्याची. लिफ्टमधून आधी उतरणारे उतरू देत. आणि जो आपलं ताट उचलतो त्याच्याशी "दादा" म्हणून बोलायचं. चाळीस बायकांनी तीन दिवस एवढं पाळलं तर त्या जहाजावरची पब्लिक तेवढ्यापुरती बदललेली असेल.

शेवटी एक. आपल्याकडे वाढवणला मोठं बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे, आणि तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तो वेगळा विषय. ते बंदर मालवाहू जहाजांचं आहे. तरी मंडळातल्या एकीने विचारलंच, "मग क्रूझ इथूनच सुटेल का गं?" समजा कधीकाळी सुटली. त्या दिवशी जहाजावर डहाणू, तलासरी, बोर्डी, घोलवडची माणसं असतील. सगळी ओळखीची. तेव्हा "पब्लिक" कोणाला म्हणणार आहात?

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छा मि दुक्कडम्. भाभी, तुम्हाला तर आधी.