काल पाहिले होते, आज पाहिले काय?

कुंभारीच्या आया-बहिणींना विमानाचे आता फारसे नवल राहिलेले नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली. तेव्हापासून गोदूताई परुळेकर वसाहतीतली मुले आम्हांला विचारतात, उडण्याआधी विमानात काय काय पाहतात हो? उत्तर ऐकून त्यांना हसू येते. लहान विमानाचा वैमानिक इतर गोष्टींबरोबर पाखराचे घरटेही शोधतो.

बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिक घडविणाऱ्या संस्था आहेत. तेथे शिकविण्यासाठी दोन-चार आसनांची विमाने वापरतात. अशा विमानाचे इंजिन बहुधा वाऱ्यावर थंड होते. त्यासाठी नाकाशी दोन भोके ठेवलेली असतात. पाखराला ती घरटे बांधण्यासाठी आयतीच जागा. परदेशात मैना हा उपद्रव फार करतात, आणि आपली साळुंकी त्याच कुळातली. सकाळी रिकामे पाहिलेले भोक दुपारपर्यंत काडीकचऱ्याने भरलेले सापडते. मग वारा अडतो, इंजिन तापते आणि वाळलेले गवत पेट घेऊ शकते. शेपटीकडे घरटे झाले तर सुकाणू हलविणाऱ्या तारा अडकण्याची भीती असते. म्हणून वैमानिक विमानाभोवती फिरून, वाकून, बॅटरी लावून प्रत्येक फट पाहतो. उभ्या विमानाच्या भोकांना बुचे बसवितात आणि त्यांना लाल फीत लावतात, म्हणजे उडण्यापूर्वी ती काढायची राहत नाहीत.

पाखरू निदान दिसते तरी. कुंभारीण माशी तेवढीही दिसत नाही. चिखलाचे घर करणारी ही माशी आपल्या भिंतींवर सर्वांनी पाहिली आहे. विमानाचा वेग सांगणारे यंत्र बाहेरच्या एका बारीक नळीतून येणाऱ्या वाऱ्यावर चालते. ती नळी बुजली की यंत्र खोटे बोलू लागते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून उडालेले बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि आतील सर्व १८९ माणसे गेली. ते विमान बरेच दिवस जमिनीवर उभे होते आणि नळ्यांवर टोपणे नव्हती. तपासात नळी बुजल्याचा निष्कर्ष निघाला, आणि ती अशाच माशीच्या घराने बुजली असावी असे मानले गेले. धावपट्टीवर असतानाच कप्तानाचा वेगदर्शक चालत नसल्याचे ध्यानात आले होते. तरीही विमान थांबविले नाही.

बंधू-भगिनींनो, यात आपण ध्यानात ठेवावे असे एकच आहे. "काल पाहिले होते" या शब्दांना अर्थ नाही. मेकॅनिकने तपासले असले, तरी उडविणारा स्वतः पुन्हा पाहतो. वाकून पाहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आपल्या घरीही हेच लागू आहे. गावाहून सुट्टी संपवून आलात, तर पंख्याचे बटण दाबण्याआधी वर पाहा. पंख्याच्या वाटीत चिमणीने संसार मांडला असेल, तर पिले उडेपर्यंत तो पंखा बंद ठेवा. मीटरच्या पेटीत काड्या साचल्या असतील, तर हात न घालता वायरमनला बोलवा, कारण ठिणगी पडायला एवढे पुरते. गॅसची नळी रोज एकदा नजरेखालून घाला. महिनाभर उभी असलेली रिक्षा सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड पाहा. यंत्रमागावर जाणाऱ्यांनी पट्टा आणि वायर पाहूनच माग चालू करावा. मालक घाई करील, पण हात आपला जाईल.

आणि मुलांना सोबत घेऊन पाहा. पाहण्याची सवय सांगून लागत नाही, ती आईबापांना वाकलेले पाहून लागते.